गुलाबाची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुलाबाची पत्रे सर्वांत जास्त असतात, कारण चार महिन्यांच्या ओलीने खंगलेले झाड याच सुमारास नजरेत भरते. यंदाच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट समान आढळली. झाड मलूल दिसताच वाचकांनी पहिला उपाय म्हणून खत घातले आहे. मुळे काम करीत नसतील, तर दिलेले खत मातीतच साचून राहते आणि क्षार वाढल्याने उरलीसुरली मुळेही करपतात. म्हणून पुढील उत्तरांत मी आधी झाड तपासायला सांगितले आहे, उपाय त्यानंतर दिले आहेत.

प्रश्न : जुलैत रोपवाटिकेतून फुलांनी डवरलेली चार गुलाबाची रोपे आणली, त्याच दिवशी गच्चीवरील कुंड्यांत लावली आणि प्रत्येकीत चमचाभर डीएपी घातले. महिन्याभरात पाने गळाली आणि दोन रोपांच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येत आहेत. पाणी मी रोज न चुकता घालते. माझे काय चुकले? — एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या रोपांवर एकाच आठवड्यात तीन आघात झाले आहेत. रोपवाटिकेत ती सावलीच्या जाळीखाली आणि दमट हवेत वाढलेली होती, तेथून ती थेट तापणाऱ्या गच्चीवर आली. फुले आणि कळ्या तशाच राहिल्यामुळे नवी मुळे धरण्याऐवजी रोपाची शक्ती फुले पोसण्यात गेली. त्यातच दुखावलेल्या मुळांशी रासायनिक खत पडले. चौथे कारण मात्र वरून दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात नवी रोपे मरण्यामागे तेच सर्वाधिक वेळा असते. पिशवीतल्या रोपाची मुळे बहुतेकदा लाल, चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. हा गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला की पाणी सोपी वाट धरून गोळ्याच्या कडेने खाली निघून जाते. कुंडीच्या तळातून पाणी वाहताना दिसते, आपल्याला समाधान वाटते, आणि गोळ्याचा गाभा कोरडाच राहतो. पावसाच्या झडीत याच्या उलट घडते : एकदा चिंब झालेला गोळा आठवडाभर वाळत नाही आणि आतली मुळे गुदमरतात.

म्हणून आता एक रोप संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, अलगद बाहेर काढा आणि गोळा हाताने चाचपा. तो विटेसारखा लागला, तर बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग बोटांनी बाहेरची माती थोडी थोडी सोडवा. सगळी माती धुऊन काढण्याचा मोह टाळावा, कारण त्यात केसासारखी बारीक मुळे तुटतात आणि पाणी शोषण्याचे काम तीच करतात. निरोगी मुळाचे टोक पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून ओढले, तर भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी त्याची साल निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी मुळे कात्रीने काढून टाका. नंतर दोन भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू किंवा कोकोपीट अशा मिश्रणात रोप पुन्हा लावा. कुंडी किमान बारा इंची असावी आणि तळाची भोके मोकळी असावीत. कलमाचा जोड, म्हणजे खोडावरची गाठ, मातीच्या वर दोन बोटे राहिली पाहिजे.

फांद्या अशा शेंड्याकडून काळ्या पडत येण्याच्या रोगाला शेंडेमर म्हणतात. त्याची बुरशी छाटलेल्या किंवा दुखावलेल्या टोकातून शिरते आणि अशक्त झाडात वेगाने खाली सरकते. येथे हात आखडता घेऊन चालत नाही. काळा भाग संपतो तेथून दोन-तीन इंच खाली, धारदार सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, काप घ्या आणि कापलेले तोंड पाहा. मधला गाभा पांढरट किंवा फिकट हिरवा असेल तर थांबा, तपकिरी असेल तर आणखी खाली या. प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसा. तोंडावर बोर्डो पेस्ट लावा. घरगुती प्रमाणात १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केल्यावर सुमारे एक लिटर पेस्ट होते, मात्र भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये. त्यानंतर पंधरा दिवस रोपे सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा आडोशाला ठेवा, येणाऱ्या कळ्या खुडत राहा आणि महिनाभर कोणतेही खत देऊ नका. रोज ठरावीक पाणी घालण्याची सवय मोडून, बोट मातीत दोन पेरे घालून ते कोरडे आले तरच भरपूर पाणी द्यावे.

पुढची खरेदी ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान करा आणि रोप निवडताना फुलाकडे पाहू नका, हे आग्रहाने सांगतो. पेन्सिलीएवढ्या जाड दोन-तीन फांद्या, जोडाजवळ निरोगी साल आणि पिशवीच्या भोकांतून डोकावणारी पांढरी मुळे असलेले बिनफुलाचे रोप, मोठे फूल मिरवणाऱ्या सडपातळ रोपापेक्षा किती तरी भरवशाचे असते. मावळातील पॉलीहाउसमध्ये पिकणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबांची रोपेही अलीकडे घरगुती बागेसाठी विकली जातात, पण त्या जाती नियंत्रित हवेत वाढवण्यासाठी निवडलेल्या असल्यामुळे उघड्या गच्चीवर त्यांची तब्येत टिकवणे कष्टाचे होते. सुरुवात करणाऱ्याने ‘आइसबर्ग’ किंवा ‘क्वीन एलिझाबेथ’ यांसारख्या काटक जातींपासून करावी.

प्रश्न : सासूबाईंनी फांदी लावून वाढवलेला गावठी गुलाब आमच्या अंगणात वीसेक वर्षांपासून आहे. दोन वर्षांपासून फुले जवळजवळ थांबली आहेत आणि गणपतीनंतर झाड उभेच वाळू लागले आहे. शेणखत दोनदा घातले. सगळे म्हणतात काढून टाका, पण मन होत नाही. — एक वाचिका, सातारा जिल्हा

उत्तर : काढू नका. आधी ते कितपत जिवंत आहे ते पाहू या. जमिनीपासून वीतभर उंचीवर एखाद्या जाड फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला, तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडी लागली, तर आणखी खाली, अगदी बुंध्यापाशी खरवडून पाहा. गावठी गुलाब स्वतःच्या मुळांवर उभा असतो, त्यामुळे वरचे सगळे वाळले तरी बुंध्यातून नवी फूट येऊ शकते, आणि ती अस्सल त्याच झाडाची असते.

आपल्या पत्रातील दोन गोष्टींनी मला सावध केले : झाड पावसाळ्याच्या अखेरीस उभेच वाळते आहे आणि शेणखत दोनदा घातले आहे. ते खत अर्धवट कुजलेले असेल, तर हुमणी या मुळे खाणाऱ्या किडीची शक्यता फार मोठी आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुलिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात आणि मादी जमिनीत अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या सुरुवातीला कुजणारे सेंद्रिय पदार्थ खातात आणि मोठ्या झाल्या की मुळांवर उतरतात. ऊस करणाऱ्या आपल्या भागाला ही कीड नवी नाही, मात्र ती अंगणातल्या गुलाबालाही धरते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच बागेतील एक जुने झाड असेच सुकले होते. मी पाणी वाढवले, मग कमी केले, आणि शेवटी हलवून पाहिले तर ते हातात डुलले. बुंध्याभोवती खुरप्याने माती काढली तेव्हा वीतभर खोलीत अकरा अळ्या निघाल्या. अंगठ्याएवढ्या, मळकट पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. बारीक मुळे जवळपास संपली होती आणि जाड मुळांची साल कुरतडलेली होती. ते झाड वाचले, पण पुन्हा फुलायला त्याला पुढचा हिवाळा लागला.

आपणही बुंध्यापासून हातभर अंतरावर गोलाकार, वीतभर खोल माती अलगद उकरून पाहा. अळ्या निघाल्या तर हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, आणि मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून ओल्या मातीत द्या. ती ओलीत आणि सावलीत काम करते, म्हणून वरून पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. अळ्या नसतील आणि मुळे काळी, दुर्गंधीयुक्त असतील, तर पाणी साचते आहे असे समजून बुंध्याभोवतीच्या आळ्याला उतार काढून द्या.

छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पूर्ण उघडल्यावर करा. सुदृढ झाडाची जशी हुकमी छाटणी करतात तशी येथे करू नये, कारण अशक्त झाडाला पाने हवी असतात. प्रथम मेलेले लाकूड पूर्ण काढा, मग एकमेकांवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढा. उरलेल्यांपैकी सर्वांत जुन्या, करड्या, भेगाळलेल्या सालीच्या एक-तृतीयांश फांद्याच बुंध्यापाशी कापा आणि बाकीच्या पुढील दोन वर्षांवर सोडा. जिवंत फांदी आखूड करताना बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप घ्यावा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही आणि नवी फूट झाडाच्या आत न घुसता बाहेर पसरते.

नवे कोंब बोटभर झाले की दोन ओंजळी पूर्ण कुजलेले खत आणि मूठभर निंबोळी पेंड बुंध्यापासून वीतभर दूर पसरून मातीत मिसळा. छाटणीनंतर सहा ते आठ आठवड्यांत फुले यावीत. यंदा ती कमी आली तरी चालतील. आणि एक विनंती : झाड तग धरत असतानाच त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी फांद्यांचे वीतभर लांबीचे चार-पाच तुकडे वाळूमिश्रित मातीत सावलीला लावून ठेवा. आठवणीचे झाड एकाच बुंध्यावर विसंबून ठेवू नये.

प्रश्न : चार वर्षे टपोरी लाल फुले देणाऱ्या गुलाबाला यंदा बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आले. झाड तर पूर्वीपेक्षा जोमाने वाढते आहे. गुलाब रंग बदलतो का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या जिल्ह्यात डॉगरिज या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर (मुळांच्या भागावर) द्राक्षाचे कलम सर्वांनी पाहिलेले आहे, त्यामुळे समजावणे सोपे आहे. रोपवाटिकेतील बहुतेक गुलाबही असेच असतात : खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर डोळा भरून वाढवलेली हवी ती जात. जोडाच्या खालून खुंटाला फूट आली आणि ती राहू दिली, तर जोमदार खुंट सगळे अन्न स्वतःकडे ओढतो आणि वरची जात उपासमारीने मरते. बारीक पांढऱ्या फुलांचे घोस ही मल्टिफ्लोरा या खुंटाची ओळख आहे.

सात पर्णिकांचे पान म्हणजे रानफूट हा समज सर्वत्र आहे, पण त्यावर भरवसा ठेवून चांगल्या फांद्या कापल्या गेल्याचे मी पाहिले आहे, कारण अनेक कलमी जातींनाही सात पर्णिका येतात. खात्रीची खूण म्हणजे फूट कोठून निघाली आहे ते पाहणे. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली उपपर्णेही पाहावीत : मल्टिफ्लोराची उपपर्णे कंगव्यासारखी झालरदार असतात. माती बाजूला सारून फुटीच्या उगमापर्यंत जा आणि ती कापण्याऐवजी खाली जोर देऊन मुळासकट उपटा. कापली तर तळाचे सुप्त डोळे शाबूत राहतात आणि एकीच्या जागी तीन येतात. जोडाच्या वरची एखादी फांदी अजून हिरवी असेल, तर तिला हिवाळ्यात सावरायला वेळ मिळेल. एकही उरली नसेल, तर लाल गुलाब गेला असे समजावे. मात्र खुंट धडधाकट आहे, तेव्हा थंडीत जाणकाराकडून त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरून घेता येईल. द्राक्षाचे कलम बांधणारे हात आपल्या गावात असतीलच.

प्रश्न : गुलाबाची शेंड्याकडची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. युरिया दिला, फरक नाही. पाणी बोअरचे आहे. — एक वाचक, लातूर

उत्तर : नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. आपल्याकडे नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत, म्हणजे ही लोहाची कमतरता आहे. युरियाने ती भरून निघणार नाही. लोह मातीत नसते असेही नाही. गुलाबाला सहा ते सात सामूची (पीएचची) माती मानवते, पण चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरचे जड पाणी यांमुळे सामू आठच्या आसपास जातो आणि असलेले लोह मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर साचलेला असेल, तर तो याच पाण्याचा आहे.

बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, घेताना पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेले पाहून घ्या, कारण ईडीटीए प्रकारातील लोह चुनखडीच्या जमिनीत फार टिकत नाही. ते पाकिटावरील प्रमाणात मातीत द्यावे. तात्पुरता हिरवेपणा हवा असेल, तर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून, ताजे द्रावण सायंकाळी पानांवर फवारा आणि दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. कायमचा उपाय मात्र पाण्याचा आहे. गच्चीवरील पावसाचे पाणी टाकीत साठवता आले, तर ते गुलाबासाठी राखून ठेवा. चुना, राख आणि अंड्याची टरफले या मातीत अजिबात घालू नका.

प्रश्न : दर पावसाळ्यात पानांवर झालरदार कडांचे काळे ठिपके पडतात, पाने पिवळी होऊन गळतात आणि श्रावणात नुसत्या काठ्या उरतात. कोकणात गुलाब होतच नाही का? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : होतो, पण पावसाची बाजू सांभाळावी लागते. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते दिवसदिवस ओले असते. म्हणून पान ओले राहणार नाही अशी जागा देणे हाच निम्मा इलाज आहे. कुंड्या असतील तर त्या पत्र्याच्या पुढे आलेल्या वळचणीखाली, पण उजेडात आणि वाऱ्याच्या वाटेवर सरकवा. दोन झाडांत किमान दोन-अडीच फूट अंतर ठेवा, बुंध्याकडची एक वीत पाने काढून टाका म्हणजे मातीचे शिंतोडे उडून पानांवर बसणार नाहीत. गळलेली पाने रोज वेचून जाळावीत, खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, कारण बुरशी त्या पानांत टिकते.

सुपारीला कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर बोर्डो मारतात, तसाच विचार येथे करावा : रोग दिसल्यावर नव्हे, तर मे महिन्याच्या अखेरीस, कोरड्या पानांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे आणि पुढे उघडीप मिळेल तेव्हा मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाशी आलटून-पालटून द्यावे. जांभ्या मातीतून पावसाबरोबर अन्न वाहून जाते, त्यामुळे ऑक्टोबरात छाटणीनंतर खताची गरज आपल्याला देशावरच्यापेक्षा जास्त असते. आता पाने नसलेल्या काठ्या पाहून घाबरू नका आणि पावसाळी हवेत छाटूही नका, ओला काप शेंडेमरीला आमंत्रण देतो.

प्रश्न : चहाचा चोथा, केळ्याच्या साली आणि अंड्याची टरफले गुलाबाला घालावीत का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : थेट कुंडीत घालू नयेत. दूध-साखरेच्या चोथ्याला मुंग्या आणि बुरशी लागते, साली कुजताना माशा होतात, आणि टरफले म्हणजे चुनाच, तो वर्षानुवर्षे मातीत तसाच राहतो. चोथा धुऊन आणि साली बारीक चिरून कंपोस्टच्या ढिगात टाका. तीन-चार महिन्यांनी तेच खत गुलाबाला आनंदाने द्या.

प्रश्न : उत्तरेकडच्या गॅलरीत तीन गुलाब लावले, तिन्ही उंच आणि लुकडे झाले, कळी एकही नाही. — एक वाचक, मुंबई

उत्तर : गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात, म्हणजे त्याच्या खऱ्या हंगामात, ते जवळजवळ येतच नाही. ही उणीव कोणत्याही खताने भरून निघत नाही. इमारतीच्या गच्चीवर परवानगी मिळत असेल तर कुंड्या तेथे हलवा, नाही तर त्या ऊन मिळणाऱ्या एखाद्या आप्ताला द्या. झाड आपल्या डोळ्यांदेखत झिजण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : या सदरातील सल्ल्याप्रमाणे मी गेल्या ऑक्टोबरात गुलाब छाटले आणि थंडीत त्यांतील दोन मेले. — एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : आपले नुकसान वाचून वाईट वाटले. ऑक्टोबरची छाटणी महाराष्ट्राच्या हवेसाठी आहे, हे दर वेळी स्पष्ट लिहायला हवे होते. महाराष्ट्रात छाटणीनंतर कोरडी, सौम्य थंडी येते आणि नवी फूट तीत पोसली जाते. आपल्या तेथे तीच कोवळी फूट पहिल्या कडक हिमाने मरते आणि उघड्या कापांतून थंडी खाली उतरते. तेथे शरद ऋतूत फक्त वाऱ्याने हेलकावणाऱ्या लांब फांद्या थोड्या आखूड कराव्यात, ऑगस्टच्या मध्यानंतर नत्रयुक्त खत बंद करावे आणि जमीन गोठू लागली की कलमाच्या जोडावर सुमारे फूटभर उंच माती किंवा कंपोस्टचा ढीग करावा. खरी छाटणी वसंताच्या सुरुवातीला, अंगणांतील पिवळ्या फुलांचे फोर्सिथियाचे झुडूप फुलते तेव्हा, गुलाबाचे डोळे फुगू लागलेले पाहून करावी. नव्याने लावताना जोड इथल्यासारखा वर न ठेवता जमिनीखाली दोन इंच जाऊ द्यावा. थंडीत मेलेली वाटणारी झाडे मात्र मे महिना संपेपर्यंत कधीच उपटू नयेत. जोडाच्या वरून एखादा लालसर कोंब उशिराने निघालेला मी अशा थंडीच्या प्रदेशातील बागेत स्वतः पाहिला आहे.